पाने वाचून होतात, प्रकरण राहून जाते

हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवलेल्या मुलांना नीट वाचता येत नाही, असे म्हणायला धाडसच हवे. विल्यम पेरी यांनी ते केले. हार्वर्डच्या अभ्यास-मार्गदर्शन केंद्राचे काम पाहणाऱ्या पेरींचा अहवाल १९५९ मध्ये 'हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू'त छापून आला. हार्वर्ड आणि रॅडक्लिफच्या सुमारे १,५०० नव्या विद्यार्थ्यांना त्यांनी इतिहासाच्या पुस्तकातले तीस पानांचे एक प्रकरण अभ्यासायला दिले. काही वेळाने चौकशी केली, तेव्हा बहुतेक सगळे पहिल्या ओळीपासून सरळ वाचत निघाले होते. तपशिलावरचे बहुपर्यायी प्रश्न त्यांनी झटपट सोडवले. मग पेरींनी विचारले, या प्रकरणात एकूण सांगितले आहे काय, ते थोडक्यात लिहा. ते जेमतेम पंधरा जणांना जमले. शंभरात एक. विशेष म्हणजे प्रकरणाच्या शेवटी सगळ्याचा गोषवारा देणारा परिच्छेद होता. तिथे आधी जाऊन पाहावे, असे फारसे कोणाच्या मनातच आले नव्हते.

या मुलांना शब्द अडत नव्हते, वेगही कमी नव्हता. सांगितले म्हणून वाचायचे, पण कशासाठी वाचतो आहोत हे ठरवायचे नाही, ही सवय शाळेने लावली होती, असे पेरींचे निदान होते.

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, 'वाचन प्रेरणा दिन' साजरा होतो. ग्रंथप्रदर्शन मांडले जाते, सामूहिक वाचन होते, आवडत्या पुस्तकावर कोणी बोलते. हा सारा भर वाचनाच्या आवडीवर आहे. अभ्यासाचे वाचन ही वेगळी बाब आहे. न आवडणारे, अवघड, बहुधा दुसऱ्या भाषेतले पान समजून घेऊन महिन्याभराने त्याचा वापर करता येणे, हे काम पदवीच्या पहिल्या दिवसापासून गृहीत धरले जाते. ते शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणत्याच एका विषयाकडे नसते. गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रश्नावर बरेच संशोधन झाले. त्यातले काय पक्के झाले, कुठे मतभेद आहेत आणि काय अजून सुटायचे आहे, याचा हा आढावा.

तंत्रांचा काळ

सुरुवात झाली ती पद्धतींपासून. ओहायो स्टेट विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी 'इफेक्टिव्ह स्टडी' या १९४६ च्या पुस्तकात पाच पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आधी प्रकरण चाळायचे, मथळ्यांचे प्रश्न करायचे, त्या प्रश्नांची उत्तरे शोधत वाचायचे, पुस्तक मिटून उत्तर स्वतःच्या शब्दांत म्हणून पाहायचे आणि शेवटी उजळणी करायची. 'एसक्यूथ्रीआर' या नावाने ही पद्धत जगभर पोहोचली. अभ्यासकौशल्यांच्या कार्यशाळांमध्ये आजही ती कुठल्या ना कुठल्या रूपात भेटते.

त्याआधी, १९४० मध्ये, मॉर्टिमर ॲडलर यांचे 'हाउ टू रीड अ बुक' आले होते. चार्ल्स व्हॅन डोरेन यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात वाचनाच्या चार पातळ्या आहेत: अक्षरओळखीचे वाचन, पाहणीचे वाचन, विश्लेषणाचे वाचन आणि एकाच प्रश्नावरची अनेक पुस्तके समोरासमोर ठेवून केलेले वाचन. रॉबिन्सन यांच्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तक होते, ॲडलर यांच्यासमोर ग्रंथ. पण वाचणाऱ्याने हातात प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जावे, यावर दोघांचे एकमत होते.

तिसरा प्रवाह वेगाचा. एव्हलिन वुड यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत द्रुतवाचनाचे वर्ग सुरू केले आणि मिनिटाला हजारो शब्द वाचण्याचे आकर्षण पसरले. अध्यक्ष जिमी कार्टर यांनीही हा वर्ग केला होता. या दाव्यांची सविस्तर तपासणी कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधील लेखात आहे. डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो. प्रत्येक मुक्कामाला साधारण पाव सेकंद लागतो आणि स्पष्ट दिसतो तो नजरेच्या मध्यावरचा छोटा तुकडाच. त्यामुळे पानच्या पान एका दृष्टिक्षेपात टिपणे डोळ्याच्या रचनेतच बसत नाही. मनातल्या मनात होणारा उच्चार बंद करा, हा द्रुतवाचनाचा लाडका सल्लाही टिकला नाही; अवघड मजकुरात तो आतला आवाज समजुतीला मदतच करतो. मार्क ब्रिसबार्ट यांनी १९० अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१९ मध्ये दाखवले की इंग्रजीतला माहितीपर मजकूर प्रौढ माणूस मनात वाचतो तो मिनिटाला सरासरी २३८ शब्दांच्या गतीने. या क्षेत्रात वेगाचा वाद जवळपास मिटला आहे. चाळणे उपयोगी आहे, पण चाळल्यावर चाळण्याइतकेच समजते.

चौथा प्रवाह स्वीडनमधून आला. गोथेनबर्ग विद्यापीठातील फेरेन्स मार्टन आणि रॉजर सेल्यो यांनी १९७६ मध्ये विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि नंतर दोन गोष्टी विचारल्या: लेखात काय होते आणि तुम्ही तो कसा वाचलात? काहीजण पुढे काय विचारतील याचा अंदाज घेत तुकडे गोळा करत होते; काहीजण लेखकाचा मुद्दा धरू पाहत होते. पहिल्याला 'वरवरचा', दुसऱ्याला 'खोल' दृष्टिकोन अशी नावे पडली. पुढच्या प्रयोगाने त्यात महत्त्वाची भर घातली. वाचनानंतर कसे प्रश्न विचारले जातात, त्याप्रमाणे विद्यार्थी आपली वाचायची रीत बदलतात. म्हणजे हा दृष्टिकोन विद्यार्थ्याचा कायमचा स्वभाव मानता येत नाही.

स्मरणाचे संशोधन: बरेचसे पक्के

वाचलेले टिकते कसे, या बाबतीत गेल्या वीस वर्षांत सर्वात ठोस काम झाले. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग त्यात पायाभूत मानला जातो. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: आठवून लिहिणाऱ्यांना मजकुराचा ५६ टक्के भाग आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचलेले सकाळी ताजे वाटते आणि पुढच्या सेमिस्टरला मागमूसही उरत नाही, या अनुभवामागे हेच आहे.

जॉन डनलॉस्की आणि चार सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचे संशोधन तपासून त्यांची प्रतवारी लावली. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे, या दोन पद्धती सर्वात वर राहिल्या. 'हे असे का?' असे स्वतःला विचारणे आणि वाचलेले स्वतःला समजावून सांगणे मधल्या गटात आले. अधोरेखन, पुनर्वाचन आणि सारांशलेखन तळाच्या गटात गेले. सारांश तिथे गेला, कारण तो चांगला लिहायलाच आधी बरेच शिकावे लागते.

विद्यार्थी करतात ते नेमके उलटे. कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातील १७७ विद्यार्थ्यांना अभ्यासाची रीत विचारली. सुमारे ८४ टक्क्यांनी पुनर्वाचन सांगितले. स्वतःहून आठवून पाहणारे ११ टक्केच निघाले. आपल्याकडे कॉलेजच्या ग्रंथालयातले जुने क्रमिक पुस्तक उघडले तर हीच गोष्ट पानावर दिसते. एका वाचकाने पेन्सिलीने ओळ आखलेली, दुसऱ्याने निळ्या पेनाने तिच्याखालची, तिसऱ्याने पिवळ्या हायलायटरने सबंध परिच्छेद रंगवलेला. समासात 'आयएमपी' आणि दोन चांदण्या. चार तुकड्यांच्या हातांतून गेलेल्या अशा पानावर खूण नसलेली ओळच शोधावी लागते.

तरी अधोरेखन अगदीच निकालात निघालेले नाही. हेक्टर पोन्से, रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०२२ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या खुणांमुळे स्मरण थोडे सुधारले, आकलन मात्र लक्षणीय सुधारले नाही. शिक्षकाने नेमके खुणावून दिलेल्या मजकुरात दोन्ही सुधारले. स्व-चाचणीलाही मर्यादा दाखवली गेली आहे. तामारा व्हॅन गोग आणि जॉन स्वेलर यांनी २०१५ मध्ये मांडले की एकमेकांत गुंतलेल्या अनेक घटकांचा अवघड मजकूर असेल, तर आठवून पाहण्याचा फायदा कमी होतो. कार्पिकी यांनी त्याला उत्तर दिले. गुंतागुंतीच्या मजकुराबाबत हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

रॉबिन्सन यांच्या पद्धतीचे आजचे स्थानही इथेच ठरते. प्रश्न करणे, पुस्तक मिटून म्हणून पाहणे, उजळणी, हे तिचे भाग नंतरच्या संशोधनाने उचलून धरले. पाचही पायऱ्यांची अखंड पद्धत म्हणून तपासली तेव्हा निकाल संमिश्र आले. ती वेळखाऊ आहे आणि सांगितल्यावरही विद्यार्थी ती फार दिवस पाळत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे.

भाषेचा उंबरठा, विषयाची ओळख

ही सारी तंत्रे एक गोष्ट धरून चालतात: समोरचे वाक्य वाचणाऱ्याला कळते. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत या गृहीतकापाशीच गाडी अडते.

बारावीपर्यंत मराठीत शिकलेला विद्यार्थी पदवीला इंग्रजी पुस्तकासमोर बसतो. त्याला वाचन अडते की भाषा, हा प्रश्न ब्रिटिश भाषातज्ज्ञ चार्ल्स आल्डरसन यांनी १९८४ मध्येच विचारला होता. परभाषेवर किमान पकड येईपर्यंत मातृभाषेतले वाचनकौशल्य तिकडे पोहोचतच नाही, हे त्यावरचे एक प्रमुख उत्तर. ही किमान पकड किती, याचा अंदाज शब्दांत बांधला गेला आहे. हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये एका कथेच्या मजकुरावर केलेल्या अभ्यासातून असे सुचवले की कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत एकच अनोळखी. त्याच वर्षी ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी सर्व विद्याशाखांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली. अभ्यासाच्या इंग्रजी मजकुरात साधारण दहावा हिस्सा या शब्दांचा असतो. ठरावीक शब्द आधी शिकवले तर ओझे बरेच हलके होईल, हा त्या यादीचा व्यावहारिक अर्थ.

देशभरातल्या मुलांची शैक्षणिक पातळी तपासणाऱ्या 'असर'च्या २०२३ च्या 'बियॉन्ड बेसिक्स' पाहणीत २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांतील १४ ते १८ वयोगटाच्या ३४,७४५ मुलामुलींची चाचणी झाली. सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सफाईने वाचता आला नाही. इंग्रजी वाक्ये वाचू शकणारे ५७.३ टक्के होते. कॉलेजच्या उंबरठ्यावर कोण येऊन उभे राहते, याची कल्पना यावरून येते.

उपाय काय, यावर तीन भूमिका ऐकू येतात. पहिली म्हणजे उच्च शिक्षण मराठीत न्यावे. तिला परंपरा आहे: वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ पासून निघालेले मराठी विश्वकोशाचे खंड, भाषा संचालनालयाचे विषयवार परिभाषा कोश, नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची पुस्तके. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तिला नवे बळ आले आणि २०२१-२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीची पदवी मराठीतून सुरू झाली. दुसरी भूमिका इंग्रजी वाचन लवकर आणि नेटाने शिकवण्याची आहे. संदर्भग्रंथ, शोधनिबंध आणि नोकरीतली कागदपत्रे इंग्रजीतच आहेत, असे ती म्हणते. तिसरी भूमिका प्रत्यक्ष वर्गात चालते तेच पद्धतशीर करू पाहते: इंग्रजी मजकूर, मराठीतून चर्चा, दोन्ही भाषांतल्या संज्ञा शेजारी शेजारी. मराठीच्या बाजूचे लोक आकलनावर बोट ठेवतात, इंग्रजीच्या बाजूचे पुढच्या वाटांवर. मधल्या वाटेवर आक्षेप असा की दोन्ही भाषांत अर्धवट राहण्याचा धोका तिच्यात आहे.

भाषेइतकाच दुसरा घटक विषयाच्या पूर्वओळखीचा. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये सातवी-आठवीच्या ६४ अमेरिकी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा वृत्तान्त वाचायला दिला. खेळाची माहिती असलेल्या पण वाचनात कच्च्या मुलांनी, वाचनात पक्क्या पण खेळाबाबत अनभिज्ञ मुलांना मागे टाकले. वाचनकौशल्य नावाची वेगळी काढून शिकवता येईल अशी वस्तू कितपत आहे, ही शंका या प्रयोगाने बळावली.

विषयागणिक वाचन

या शंकेतून सध्याचा मोठा वाद निघतो. वाचन सर्वांना एकत्र शिकवायचे, की ज्या त्या विषयाच्या तासाला?

टिमोथी आणि सिंथिया शॅनाहन यांनी २००८ मध्ये इतिहास, गणित आणि रसायनशास्त्रातले तज्ज्ञ कसे वाचतात ते पाहिले. इतिहासकार आधी लेखक कोण आणि त्याची बाजू कोणती, हे पाहत होते. गणिती एकेक शब्द तोलत, पुन्हा पुन्हा वाचत होते. रसायनशास्त्रज्ञ मजकुरातून आकृतीकडे, आकृतीतून सूत्राकडे ये-जा करत होते. सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये इतिहासकार आणि शाळकरी विद्यार्थी यांच्यापुढे तीच जुनी कागदपत्रे ठेवली होती. कागद कोणाचा, कधीचा, दुसऱ्या कागदाशी जुळतो का, हे तज्ज्ञांनी आपणहून तपासले. विद्यार्थ्यांनी बहुधा पाठ्यपुस्तकासारखे वाचले. संगणकशास्त्रात एस. केशव यांनी २००७ मध्ये शोधनिबंध तीन फेऱ्यांत वाचण्याची रीत सांगितली: पाच-दहा मिनिटांची पहिली फेरी, तासाभराची दुसरी, आणि खरोखर गरज असेल तरच काही तासांची तिसरी. पहिल्या फेरीनंतर निबंध बाजूला ठेवणेही त्यांनी वाचनातच धरले आहे.

विषयाचे वाचन म्हणजे काय, ते बी.ए. किंवा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षातल्या एका वाक्यावरून दिसते. 'इतर परिस्थिती कायम असताना किंमत कमी झाली की मागणी वाढते', असा मागणीचा नियम असतो. बहुतेक वह्यांत अधोरेखन 'किंमत'पासून सुरू होते. अर्थशास्त्राचा शिक्षक मात्र पहिल्या चार शब्दांवर थांबतो. उत्पन्न, आवडीनिवडी, पर्यायी वस्तूंच्या किमती, सगळे तिथे बांधून ठेवले आहे. कांदा महागला आणि त्याच महिन्यात घरातल्या माणसाचा पगारही वाढला, तर काय होईल, या प्रश्नाला नियम पाठ असलेला विद्यार्थी अडखळतो. कारण अट त्याने वाचली होती, पण वाक्याची प्रस्तावना समजून. शेजारची आकृती पाहिली तरी फरक पडतो: किंमत बदलली की एकाच वक्रावर वर-खाली जायचे, उत्पन्न बदलले की सबंध वक्रच सरकतो. असे वाचन अर्थशास्त्राच्या तासालाच शिकवले जाऊ शकते, असे विषयवादी मंडळींचे म्हणणे.

सामान्य अभ्यासक्रमाच्या बाजूचे म्हणतात, पहिल्या वर्षाला हेतू ठरवणे, चाळणे, प्रश्न करणे, स्वतःला तपासणे हे पायाभूत काम सर्वांनाच हवे. विषयशिक्षकांना त्यासाठी ना वेळ मिळतो, ना प्रशिक्षण. अमेरिकेत या वादाला धोरणाचे वळण लागले. कच्च्या विद्यार्थ्यांना पदवीआधी वेगळे पूर्वतयारीचे वर्ग सक्तीने करायला लावण्याची पद्धत तिथे रुळली होती. त्यात विद्यार्थी अडकून पडतात, गळतात, अशी टीका वाढल्यावर फ्लोरिडाने २०१३ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदे करून ही सक्ती बरीचशी मागे घेतली. मूळ विषयासोबतच जादा आधार देण्याकडे तिथे कल वाढला. त्याने अधिक मुले श्रेयांकाच्या वर्गांत पोहोचतात, असे समर्थक सांगतात. सर्वांत कच्च्या मुलांचे काय होते, यावर टीकाकार बोट ठेवतात.

कागद, पडदा आणि मोबाइल

पाब्लो डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातले ५४ अभ्यास, म्हणजे १,७१,०५५ वाचक, एकत्र तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला: त्याच मजकुराचे आकलन कागदावर थोडे सरस ठरते. माहितीपर मजकुरात हा फरक दिसतो, निव्वळ कथेत दिसत नाही. नवी पिढी पडद्याला सरावेल तसा फरक मिटेल, ही अपेक्षाही खोटी ठरली. वर्षांगणिक तो थोडा वाढलेलाच आढळला. पुढच्या वर्षी युरोपातील सुमारे १३० संशोधकांनी 'स्टॅव्हँगर जाहीरनामा' काढून लांब माहितीपर मजकुरासाठी कागद टिकवावा, असे सुचवले.

कारणांवर मात्र एकमत नाही. राकेफेत ॲकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांच्या २०११ च्या प्रयोगात वेळ ठरवून दिली तेव्हा कागद आणि पडदा बरोबरीत राहिले. वेळ विद्यार्थ्यांवर सोपवली तेव्हा पडद्यावर वाचणारे लवकर थांबले आणि आपल्याला जास्त कळले, असे समजून बसले. डेल्गाडो यांच्या विश्लेषणात उलट वेळेचे बंधन असताना कागदाचा फायदा मोठा दिसतो. दोष पडद्याचा, सवयीचा की स्वतःच्या आकलनाबाबतच्या फाजील विश्वासाचा, हे यावरून ठरत नाही. वाचनाच्या अभ्यासकांपैकी मेरीअन वुल्फ संथ, खोल वाचनाची क्षमताच क्षीण होण्याची भीती व्यक्त करतात; नेओमी बॅरन कामागणिक माध्यम निवडायला शिकवा, असे म्हणतात.

आपल्याकडे या वादाला आणखी एक बाजू आहे. छापील पुस्तकाला पर्याय म्हणून इथे बहुधा येते ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेली पीडीएफ, सहा इंचांच्या मोबाइलवर बोटांनी मोठी-लहान करत वाचलेली. त्याच पडद्यावर मध्येच सूचना टपकतात. पण ज्याला पुस्तक घेणे परवडत नाही आणि ज्याच्या गावात ग्रंथालय नाही, त्याच्याकडे तुलनेसाठी कागद नसतोच.

परीक्षेची बाजू

विद्यार्थ्यांचे वाचन घसरले, अशी हाकाटी नवी नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये 'द अटलांटिक'मधल्या रोझ होरोविच यांच्या लेखाने ती पुन्हा तापली. नामांकित विद्यापीठांतल्या मुलांनाही सबंध पुस्तक वाचणे जड जाते, असे प्राध्यापकांनी त्यात सांगितले होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅन्ससमधील दोन विद्यापीठांच्या ८५ विद्यार्थ्यांनी, तेही इंग्रजी साहित्य हाच विषय घेतलेल्यांनी, डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'चे पहिले सात परिच्छेद मोठ्याने वाचून अर्थ सांगितला. ५८ टक्क्यांना मजकुराचा धागा सापडला नाही. बारकाईने समजलेले पाच टक्के होते. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या न्यायालयाचे वर्णन आणि शेजारी बसलेला निरीक्षक, अशा परिस्थितीवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, हा त्यावरचा आक्षेप.

दुसरी भूमिका म्हणते, विद्यार्थी वाचत नाहीत कारण वाचावे लागत नाही. मार्टन आणि सेल्यो यांचा निष्कर्ष इथे कामी येतो. 'टिपा लिहा', 'फरक स्पष्ट करा', 'थोडक्यात उत्तरे द्या' अशा प्रश्नांना गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि मागच्या वर्षीच्या झेरॉक्स नोट्स पुरतात. क्रमिक पुस्तक उघडणे मग हौसेचा भाग होतो. सेमिस्टर लहान, त्यात इंटर्नल आणि प्रकल्प. विद्यार्थी आपला वेळ शहाणपणानेच वाटतो, असा या भूमिकेचा रोख. तिच्यावरचे उत्तर असे की प्रश्नपत्रिका बदलली तरी तयार उत्तरांचा बाजार तिच्या मागोमाग येतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२३ पासून वर्णनात्मक करण्याच्या निर्णयावर पुण्यात झालेल्या आंदोलनांत उमेदवारांची मुख्य मागणी तयारीला वेळ मिळण्याची होती. परीक्षेचे रूप बदलले की अभ्यासिकेतली पुस्तके आणि ती वाचण्याची रीत दोन्ही बदलावी लागतात, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ मध्ये स्थापनेपासून वेगळी वाट धरली. समोर शिक्षक नाही असे धरून पुस्तकच अशा रचनेचे करायचे की वाचता वाचता विद्यार्थी स्वतःला तपासेल: घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये मध्ये स्वयंअध्ययनाचे प्रश्न. स्मरणाच्या संशोधनाशी हे जुळते. प्रश्न न सोडवता पान उलटणाऱ्याला मात्र पुस्तक थांबवू शकत नाही.

यंत्राने केलेला सारांश

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि चाळीस पानांचे प्रकरण दहा ओळींत मिळू लागले. समर्थकांच्या मते दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्याला असा आधार यापूर्वी कधीच नव्हता. अवघड इंग्रजी परिच्छेद मराठीत समजावून घेता येतो, संज्ञेचे उदाहरण मागता येते, स्वतःची चाचणी घेणारे प्रश्न काढून घेता येतात. विरोधकांचे म्हणणे असे की मजकुरातला मुख्य मुद्दा वेगळा काढणे हाच वाचनातला व्यायाम आहे आणि तो परस्पर दुसऱ्याने केला तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय यंत्र ठामपणे चुकीचेही सांगते, आणि ते ओळखायला मूळ मजकूर वाचता यावा लागतो.

सुवर्णमध्य म्हणून क्रम सुचवला जातो: आधी आपले वाचन आणि आपला गोषवारा, मग यंत्राशी ताडून पाहणे. पेरींच्या विद्यार्थ्यांनी वगळलेला सारांश आज सर्वांत आधी वाचला जातो. तो आधी वाचल्याने पुढचे वाचन सुधारते की मुळात होतच नाही, हे सांगणारे दीर्घकालीन निष्कर्ष निघण्याइतका काळ अजून गेलेला नाही.

उरलेले प्रश्न

एकत्र पाहता काही गोष्टींवर आता फारसा वाद राहिलेला नाही. वेगाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हेतू ठरवून वाचावे, मिटून आठवून पाहावे, उजळणी दिवसांच्या अंतराने करावी. भाषेची किमान पकड आणि विषयाची तोंडओळख नसेल तर या सल्ल्याचा उपयोग मर्यादित राहतो.

न सुटलेले प्रश्न बहुतेक विद्यार्थ्याच्या टेबलाबाहेरचे आहेत. इतिहासाच्या तासाला शिकलेले वाचन अर्थशास्त्रात कितपत उपयोगी पडते? मराठीतून पाया घातलेल्या विद्यार्थ्याने इंग्रजी शोधनिबंधाकडे केव्हा आणि कसे वळावे? विषयशिक्षकाने वाचन शिकवायचे, तर अभ्यासक्रमातला कोणता घटक कमी करायचा? मोबाइलवरच्या वाचनाला कोणती रीत चालते? मोजमापाचाही प्रश्न आहे: 'असर'चा वाचनाचा उतारा दुसरीच्या पातळीचा असतो, आणि विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत वाचनाचा रकाना नसतो. मधली मोठी जागा मोकळीच राहते.

महाराष्ट्रात या प्रश्नांना एक कालमर्यादाही आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. संशोधनासह ऑनर्स निवडणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प करायचा आहे. त्यासाठी पूर्वीचे संशोधन वाचून त्याची मांडणी करावी लागते, आणि तिथे गाईड मिळत नाही. संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये त्या वर्षात पोहोचेल. पहिल्या तीन वर्षांत वाचन शिकवायचे कोणी, भाषेच्या श्रेयांकांत की विषयाच्या तासाला, हे त्याआधी प्रत्येक अभ्यास मंडळाला ठरवावे लागेल.